लाईन क्लिअर



आमचे रावेर स्टेशन तसे लहान. परंतु ते ज्या मार्गावर वसले आहे तो मार्ग मोठा वर्दळीचा. भुसावळहून खांडव्याकडे आणि पुढे दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्या रात्रंदिवस धडधडत जातात. रावेर-सावद्याची केळी ह्याच रुळांवरून दिल्लीच्या बाजारात पोहोचली. लहानपणी मला ह्या स्टेशनाचे एकच नवल वाटे. गाडी येण्याच्या कितीतरी आधी मास्तरांच्या खोलीत ठण्‌ ठण्‌ अशी घंटी वाजे. मास्तर एक मूठ फिरवीत, पुन्हा पलीकडून ठोके येत, आणि मग कुठे सिग्नल पडे. गाडीचा अजून पत्ता नाही, आणि हा खटाटोप कशासाठी?

वडिलांनी एकदा उलगडा करून सांगितला. अलीकडचा मास्तर पलीकडच्याला विचारतो, 'गाडी पाठवू का?' पलीकडचा आपला मार्ग मोकळा आहे असे पाहतो आणि 'लाईन क्लिअर' देतो. ती मिळाल्यावाचून गाडी हलत नाही. म्हणजे रेल्वेत दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक गाडी, आणि दुसरी ती गाडी सोडण्याची परवानगी मागणारी व देणारी संकेतांची भाषा. काही मोठे अपघात होतात ते ह्या दुसऱ्या गोष्टीत चूक झाली म्हणजे.

आज मी बोलणार आहे ते रेल्वेविषयी नाही. आपल्या प्रत्येकाच्या खिशात जो फोन आहे, त्यावरून आपण जो व्हिडिओ कॉल करतो, त्याविषयी. मी शास्त्राचा माणूस नव्हे, इतिहासाचा प्राध्यापक आहे. पण आमच्या घरी घडलेल्या एका प्रसंगाने मला ह्या विषयाच्या मागे लावले. तो प्रसंग शेवटी सांगेन. आधी यंत्राची ओळख करून घेऊ.

पुण्याला शिकणाऱ्या नातवाला आजीने रावेरहून व्हिडिओ कॉल लावला, असे समजा. आजीला वाटते, बटण दाबले की नातू दिसतो. आत मात्र स्टेशनमास्तरांच्या खोलीतलाच व्यवहार चाललेला असतो. ह्या व्यवहारासाठी इंटरनेटवर जी सार्वत्रिक भाषा ठरविली गेली तिचे नाव 'सिप'. तिचा पहिला मसुदा १९९९ साली आणि आज प्रमाण मानला जाणारा मसुदा २००२ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. कोलंबिया विद्यापीठातील हेनिंग शुल्झ्‌रिन हे तिच्या जनकांपैकी एक. तिच्यातले मुख्य शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आजीचा फोन म्हणतो 'इन्व्हाइट', म्हणजे आमंत्रण. नातवाचा फोन उत्तर देतो 'रिंगिंग', घंटी वाजते आहे. नातवाने हिरवे बटण दाबले की जाते 'ओके'. आजीचा फोन म्हणतो 'अ‍ॅक', पोहोचले. मग बोलणे सुरू होते. आणि संपवायचे तेव्हा कोणीतरी एकजण म्हणतो 'बाय'.

पण आजीच्या फोनला नातवाचा फोन सापडतो कसा? नातू आज वसतिगृहात, उद्या गाडीत. त्यासाठी मध्ये एक नोंदवही ठेवणारा संगणक असतो. प्रत्येक फोन त्याला ठराविक वेळाने कळवितो की, मी सध्या अमुक ठिकाणी आहे. गावातला जुना पोस्टमन असाच असे. पाटलांचा मुलगा नोकरीला फैजपूरला गेला, हे त्याला घरच्यांच्या आधी ठाऊक. शिवाय आमंत्रणासोबत एक चिठ्ठी जाते. मी कोणत्या पद्धतीने आवाज पाठवीन, चित्र कसे पाठवीन, कोणत्या वाटेने या, हे सारे तिच्यात लिहिलेले असते. दोन्ही फोन घरातल्या राउटरच्या आड असल्यामुळे थेट वाट सापडत नाही. तेव्हा बाहेरच्या एखाद्या संगणकाला विचारावे लागते, 'अहो, बाहेरून माझा पत्ता काय दिसतो?' ह्या साऱ्या वाटा तपासून एक ठरते, आणि मगच आवाज व चित्र धावू लागतात. हे आवाज-चित्राचे धावणे म्हणजे गाडी. त्याआधीचे सारे म्हणजे लाईन क्लिअर.

प्रत्येक अ‍ॅप शब्दशः सिप वापरते असे नाही. काहींनी आपली खासगी भाषा केली आहे. ब्राउझरमधून होणाऱ्या कॉलांसाठी 'वेबआरटीसी' नावाची पद्धत २०११ पासून वाढली आणि २०२१ च्या जानेवारीत तिला अधिकृत प्रमाणाचा दर्जा मिळाला. तिने वाट शोधण्याचे आणि आवाज-चित्राचे नियम ठरवून दिले, पण लाईन क्लिअर कशी द्यायची हे मात्र ज्याच्या त्याच्यावर सोपविले. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे. आणि ४जी वरून तुम्ही साधा फोन करता, तोही आतून बहुधा सिपनेच जुळविला जातो.

आता इतिहासाचा मास्तर म्हणून थोडे मागे नेतो. लाईन क्लिअर देणारा माणूस लबाड असेल तर काय होते, हा प्रश्न टेलिफोनाइतकाच जुना आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्राउजर नावाचा अंत्यविधीची व्यवस्था करणारा एक व्यावसायिक होता. गिऱ्हाइके आपल्याला विचारतात आणि टेलिफोन जोडणारी बाई ते कॉल प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय आला, असे सांगतात. त्याने बाईशिवाय आपोआप जोडणी करणारे यंत्रच शोधून काढले. १८९१ साली त्याला पेटंट मिळाले. आपल्याकडे मात्र कितीतरी वर्षे ट्रंक कॉल ऑपरेटरच जोडून देत. माझे वडील सांगत, मुंबईचा कॉल मागून पोस्टात तासन्‌तास बसावे लागे. पहिली एस्‌टीडी सेवा लखनौ आणि कानपूरच्या दरम्यान सुरू झाली ती १९६० च्या नोव्हेंबरात.

माणूस गेला, यंत्र आले. मग लबाडी संपली का? छे! अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या टेलिफोनांत संकेत आणि आवाज एकाच तारेतून जात. २६०० हर्ट्‌झचा एक सूर काढला की यंत्राला वाटे, कॉल संपला. काही पोरांच्या हे ध्यानात आले. न्याहारीच्या पाकिटात फुकट मिळणारी एक शिट्टी नेमका तोच सूर काढी! सत्तरच्या आसपास ह्या 'ब्लू बॉक्स' मंडळींनी जगभर फुकट फोन केले. उपाय म्हणून संकेतांची वाट आवाजाच्या वाटेपासून वेगळी काढली. हीच 'एस्‌एस्‌ ७' नावाची व्यवस्था. परंतु ती रचताना असे गृहीत धरले होते की, ह्या वाटेवर फक्त भरवशाच्या टेलिफोन कंपन्याच असतील. २०१४ साली जर्मन तज्ज्ञांनी हँबर्गच्या एका परिषदेत दाखवून दिले की, ह्या वाटेत शिरकाव मिळाला तर परक्याचे कॉल आणि एस्‌एम्‌एस चोरता येतात. २०१७ साली जर्मनीत तसेच करून बँकेच्या ग्राहकांचे संदेश वळविले गेले आणि खात्यांतून पैसे काढले गेले.

प्रत्येक पिढीत चूक एकच घडली. संकेत देणाऱ्यावर विश्वास ठेवला, आणि तो विश्वास पात्री आहे की नाही हे तपासायचे राहून गेले.

आता आजच्या धोक्यांकडे येऊ. मी ते तीन प्रश्नांत मांडतो. बोलावतो आहे कोण? मी होय म्हणण्याआधी दार उघडले तर नाही ना? आणि मधला मास्तर प्रामाणिक आहे का?

पहिला प्रश्न, कोण? सिपचा संदेश हा साध्या अक्षरांत लिहिलेल्या पत्रासारखा असतो. त्यावर 'यांजकडून' अशी एक ओळ असते. अंतर्देशीय पत्राच्या मागे पाठविणाऱ्याने कोणाचेही नाव लिहावे, पोस्ट ते तपासून पाहत नाही. येथेही मधल्या कंपनीने तपासले नाही तर नंबर खोटा लिहिता येतो. भारतात इंटरनेट-टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. परंतु परदेशातून इंटरनेटने आलेला कॉल चोरून देशी नंबरावर उतरविण्याचा धंदाही तिच्या मागोमाग आला. आपल्या महाराष्ट्रात २०१७ च्या जूनमध्ये लातूर येथे दहशतवादविरोधी पथकाने अशी बेकायदा एक्स्चेंज पकडली. पुष्कळ सिमकार्डे एका यंत्रात लावलेली. कॉल यावा परदेशातून, आणि घेणाऱ्याला दिसावा इथला दहा आकडी नंबर. सरकारचा महसूल बुडतो तो एक भाग. खरा घोर हा की, बोलणारा कुठून बोलतो हे शोधताच येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने परदेशातून भारतीय नंबरचा मुखवटा घालून येणारे कॉल अडविण्याची व्यवस्था सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडविले गेल्याचे सरकारने सांगितले. रोगाची व्याप्ती ह्यावरून कळेल.

दुसरा प्रश्न मला सर्वांत विलक्षण वाटला. मी हे घरी सांगत होतो तेव्हा शेजारच्या काकू ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, म्हंजे घंटी वाजून राहिली तव्हाच समोरच्याले आपलं घर दिसलं तं?" काकूंनी नेमके बोट ठेवले. हे घडलेले आहे.

२०१९ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या चौदा वर्षांच्या एका मुलाला ॲपलच्या फेसटाइममध्ये गंमत सापडली. कॉल लावायचा, आणि समोरच्याने उचलण्याआधी स्वतःचाच नंबर तिसरा म्हणून त्यात घालायचा. फोनला वाटे, चर्चा सुरू झाली आहे; आणि समोरच्याचा माइक त्याच्या नकळत उघडा होई. ॲपलला ती सामूहिक सेवा तात्पुरती बंद करावी लागली, आणि ७ फेब्रुवारीला दुरुस्ती आली.

ह्यावरून गूगलच्या नॅटली सिल्व्हानोविच ह्या संशोधक बाईंच्या मनात प्रश्न आला की, हे एकाच अ‍ॅपमध्ये कशावरून? त्यांनी एकेक अ‍ॅप घेऊन लाईन क्लिअरचा व्यवहार तपासला. सिग्नल ह्या सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या अ‍ॅपमध्ये आढळले की, 'जोडले गेले' हा संदेश बोलावणाऱ्यानेच धाडला तरी घेणाऱ्याचा फोन तो मुकाट्याने मानतो. ती चूक २०१९ च्या सप्टेंबरात दुरुस्त झाली. आपल्याकडच्या जिओचॅटमध्येही उचलण्यापूर्वी आवाज जाऊ शकत होता. ते २०२० च्या जुलैत सुधारले. फेसबुक मेसेंजरमध्ये एक भलताच संदेश घंटी वाजत असताना पाठविला की माइक उघडे. ते २०२० च्या नोव्हेंबरात बंद केले. मघाशी मी म्हणालो, लाईन क्लिअरचे नियम ज्याच्या त्याच्यावर सोपविले आहेत. त्याची फळे ही. कुलूप उत्तम होते, कडीकोयंडाही उत्तम होता. पण दार उघडायचा हुकूम कोणी द्यायचा हेच नीट ठरले नव्हते. पलीकडच्या स्टेशनाच्या नावाने अलीकडच्याच मास्तराने लाईन क्लिअर देऊन टाकावी, असा हा प्रकार.

ह्याहून गंभीर गोष्ट त्याच वर्षी घडली. २०१९ च्या एप्रिल-मे महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉल जुळविणाऱ्या भागातील एका दोषातून इस्राएलच्या एन्‌एस्‌ओ कंपनीचे पेगासस हे हेरगिरीचे साधन लोकांच्या फोनांत घातले गेले. मुद्दाम वेडेवाकडे घडविलेले संदेश कॉलच्या निमित्ताने पाठवायचे. फोन उचलण्याचीही गरज नव्हती. जगभरातील सुमारे १,४०० फोन लक्ष्य झाले. त्यांत भारतातले पत्रकार, वकील, कार्यकर्ते होते. आपल्या नागपुरातल्या वकिलालाही तशी सूचना मिळाली. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील न्यायालयाने ह्या प्रकरणी एन्‌एस्‌ओला जबाबदार धरले. तुम्हांआम्हांवर असे महागडे हत्यार सहसा कोणी चालविणार नाही. पण शिकण्यासारखे हे की, घंटी वाजविणारा भाग हाच घराचा दरवाजा आहे. कोणीही अनोळखी माणूस त्याच्यापर्यंत येऊ शकतो. म्हणून अ‍ॅप अद्ययावत ठेवणे हे दाराची मोडकी कडी बदलण्याइतके आवश्यक आहे.

तिसरा प्रश्न, मधला मास्तर. आज चांगल्या अ‍ॅपांत आवाज आणि चित्र कुलूपबंद होऊन जातात. मधल्या कंपनीलाही ते उघडता येऊ नयेत अशी योजना असते. उत्तम. पण कुलपाची किल्ली ठरविण्याची बोलणी कोणामार्फत होतात? त्याच मधल्या मास्तरामार्फत. तो लबाड निघाला, किंवा त्याच्या खोलीत चोर शिरला, तर दोघांना दोन वेगळ्या किल्ल्या देऊन मध्ये बसून ऐकू शकेल. म्हणून व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल यांसारख्या अ‍ॅपांत एक सुरक्षा क्रमांक असतो. दोघे प्रत्यक्ष भेटले असताना तो ताडून पाहावा. जुळला तर मध्ये कोणी नाही. शंभरात एकही माणूस हे करीत नाही, असा माझा अनुभव आहे. शिवाय बोलणे कुलूपबंद असले तरी कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळ बोलले, ह्याची नोंद मधल्याला कळतेच. पत्र वाचता आले नाही तरी पाकिटावरचे पत्ते पोस्टमन वाचतो.

ह्याच सदरात सभांचे दुवे येतात. २०२० च्या टाळेबंदीत मी घरात बसून वर्ग घेत होतो. दुवा आम्ही सर्व गटांत टाकला होता. एके दिवशी मराठ्यांच्या इतिहासावर बोलत असताना कोणी अनोळखी पोरगा आत आला, आणि त्याने पडद्यावर जे दाखविले ते येथे सांगता यायचे नाही. मुली वर्ग सोडून गेल्या. दोष यंत्राचा नव्हता. मीच वेशीचे दार उघडे ठेवून पाटी लावली होती. त्याच एप्रिलात केंद्रीय गृहमंत्रालयाने झूम वापरणाऱ्यांसाठी सूचना काढल्या होत्या. प्रत्येक सभेला नवा क्रमांक व सांकेतिक शब्द ठेवा, येणाऱ्याला आधी ओसरीवर थांबवा, सगळे आले की दार लावा. मी त्या नंतर वाचल्या.

आता तो घरचा प्रसंग. आमच्या नात्यात एक निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही त्यांना नाना म्हणतो. एका सकाळी त्यांना व्हिडिओ कॉल आला. पलीकडे गणवेशातला माणूस, मागे पोलिसांची पाटी. तुमच्या आधार क्रमांकावर अवैध पार्सल सापडले आहे, तुम्हाला 'डिजिटल अटक' केली आहे, खोलीचे दार लावा, फोन टेबलावर उभा ठेवा, कॉल तोडला तर गुन्हा वाढेल, असे त्याने दरडावले. ज्या माणसाने चौतीस वर्षे वर्गात छडी न उगारता पोरे सांभाळली, तो दहापासून तीनपर्यंत त्या फोनसमोर हात जोडून बसून होता. पाण्याला उठला नाही. बँकेतली ठेव मोडायला निघण्याच्या बेतात होता. सूनबाई दार ठोठावून म्हणाल्या, "नाना, जेवायला चला ना." आतून उत्तर नाही. त्यांनी दार ढकलले, पडदा पाहिला आणि काही न विचारता फोन बंद करून टाकला. नाना ओरडले, "अगं, काय केलंस हे! आता ते घरी येतील!" कोणी आले नाही. पैसे वाचले. पण पुढे कितीतरी दिवस फोन वाजला की नानांचा चेहरा उतरे. आणि मला भीती वाटली ती ह्याचीच.

मी नंतर विचार केला, ह्यात कोणता संकेत चुकला? एकही नाही. आमंत्रण रीतसर आले, घंटी वाजली, नानांनी स्वतः होय म्हटले, चित्र कुलूपबंद होऊन आले. यंत्र फक्त एवढेच सांगू शकते की, अमुक खात्यावरून कोणी बोलावतो आहे. त्या खात्यामागचा माणूस कोण, त्याचा गणवेश खरा की शिवून घेतलेला, हे सांगण्याचे सामर्थ्य कोणत्याही संकेतभाषेत नाही. 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. स्वतः पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणात हे सांगितले होते. असा कॉल आला तर थांबा, पडद्याचे चित्र ठेवता आले तर ठेवा, आणि १९३० ह्या क्रमांकावर कळवा. पैसे गेले असतील तर क्षणाचाही उशीर करू नका.

आणखी एक गोष्ट मला ह्या संकेतभाषेने शिकविली, ती मी नानांनाही समजावून सांगितली. सिपचे नियम वाचताना माझ्या लक्षात आले की, बोलणे सुरू करायला दोघांची संमती लागते. आमंत्रण एकाने द्यावे आणि होकार दुसऱ्याने. पण संपवायला कोणाचीच संमती लागत नाही. ज्याने 'बाय' म्हटले त्याच्यापुरते बोलणे त्या क्षणी संपले. समोरचा पोलीस असो, साहेब असो, की चोर. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांनी ते कदाचित केवळ सोयीसाठी लिहिले असतील. पण त्यात मोठे शहाणपण आहे. नाना थोडे हसले आणि म्हणाले, "म्हणजे लाल बटण माझ्याच हातात होतं म्हणायचं!"

होते, नाना. ते आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे. पलीकडचा कितीही घंट्या वाजवो, आपल्या स्टेशनाची लाईन क्लिअर द्यायची की नाही, आणि दिलेली परत केव्हा घ्यायची, हे ठरविणारे मास्तर आपणच आहोत. आज रात्री घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून एवढी एक गोष्ट सांगा.